रेवतीचे बाबा

"रेवती?"

मी ओल्या कागदाची गुंडाळी उलगडून सोयाबीनचे कोंब मोजत होते. त्र्याऐंशीवर बोट होतं. दारातल्या माणसाला वाटलं असावं की मला ऐकू गेलं नाही, म्हणून तो दोन पावलं आत आला आणि पुन्हा म्हणाला, "रेवती, तू इथं जालन्यात कशी?"

मी मागे वळून पाहिलं. खोलीत माझ्याशिवाय कुणी नव्हतं.

"कोण हवंय आपल्याला?" मी विचारलं.

चाळिशीच्या आसपासचा गृहस्थ होता. पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, हातात बियाण्याच्या नमुन्याची कापडी पिशवी. आधी उजळलेला त्याचा चेहरा आता उतरायला लागला होता. "मी भगवान," तो म्हणाला. "भगवान सोनुने. देऊळगाव राजाचा." एवढं सांगितल्यावर मला सगळं आठवेल, अशा आशेनं तो थांबला.

"माझं नाव वैजयंती ठोंबरे. नमुना द्यायचा असेल तर बाहेरच्या खिडकीत द्या. इथं आत यायची परवानगी नाही."

तो गेला नाही. पिशवी खाली ठेवून त्यानं फोन काढला, त्यात काहीतरी शोधलं आणि हात लांब करून फोन माझ्यापुढे धरला. पडद्यावर मी होते. इस्लामपूरच्या आमच्या घराच्या ओट्यावर, जांभळी साडी नेसलेली. शेजारी स्टुलावर बाबा बसले होते. मांडीवर वर्तमानपत्र पसरून ओला हरभरा सोलत होते आणि कॅमेऱ्याकडे न बघताच कशाला तरी हसत होते.

बाबांना जाऊन तेव्हा दीड वर्ष झालं होतं. आणि तो फोटो मी माझ्या हातानं पुसून टाकलेला होता.

ही गोष्ट सात वर्षांपूर्वीची. मी जालन्याच्या एका बियाणे कंपनीच्या प्रयोगशाळेत उगवण तपासायचं काम करत होते. शंभर दाणे ओल्या कागदात गुंडाळून ठेवायचे, आठव्या दिवशी उघडून किती उगवले ते लिहायचं. दिवसभरात चार शब्द बोलावे लागले नाहीत तरी चालायचं, आणि मला ते काम त्यासाठीच आवडत होतं.

सोनुन्यांना मी कॅन्टीनमध्ये घेऊन गेले. मे महिना होता, पत्र्याखाली पंखा गरम हवा फिरवत होता. ते समोर बसले, पण माझ्याकडे बघेनात. रेवती देशमाने नावाच्या बाईशी एकोणीस महिने त्यांचं बोलणं चालू होतं. आधी कुठल्याशा शेतीच्या गटात ओळख झाली, मग रोज सकाळ-संध्याकाळ निरोप. भेट कधी नाही, फोनवर आवाज कधी नाही.

"फोन करावासा नाही वाटला तुम्हाला?"

"ती म्हणायची, घरात बाबा असतात, बोलता येत नाही. मला पटायचं ते." ते टेबलाच्या कडेवर नख घासत होते. "फोटो होते ना. फोटोत बाबा होतेच."

मी त्यांच्या फोनवर रेवतीचे फोटो बघत गेले. सगळे माझे होते. सज्जनगडावरचा, भाचीच्या बारशाचा, नव्या चष्म्यातला. लग्नातले तेवढे तिनं घेतले नव्हते. कुणीतरी शांतपणे बसून, निवडून, माझं आयुष्य नवऱ्याला वगळून पुन्हा लावून ठेवलं होतं. खरं सांगायचं तर मला जमलं नव्हतं इतकं ते नीट लावलेलं होतं.

हे फोटो मी ज्या खात्यावर टाकायची ते पुसलं तो रविवार मला स्पष्ट आठवतो. साताऱ्याच्या माणसाशी झालेलं माझं लग्न सहा वर्षांनी मोडलं होतं आणि लग्नाच्या जुन्या फोटोंखाली लोक नव्यानं लिहायला लागले होते. "काळजी घे." "टाळी एका हातानं वाजत नाही" असलंही काही. एका दुपारी मी ठरवलं, हे सगळंच नको. पुसायच्या आधी पडद्यावर बरंच काही लिहून आलं आणि मी ते कोर्टाचा कागद वाचावा तसं वाचलं. तीस दिवसांत परत आलात तर सगळं जसंच्या तसं मिळेल. त्यानंतर मिळणार नाही. आमच्या साठ्यातून पुरतं निघायला आणखी काही महिने लागतील. तुम्ही इतरांना पाठवलेले निरोप इतरांकडे राहतील. तुमच्या माहितीची एक प्रत उतरवून घ्यायची आहे का, असंही विचारलं होतं. प्रत घ्यायची म्हणजे पुन्हा सगळं समोर येणार, या भीतीनं मी नको म्हटलं. कुणी तुमचे फोटो आधीच आपल्याकडे उतरवून घेतले असतील तर त्यांचं काय, हे त्यात कुठे लिहिलेलं नव्हतं, आणि असा प्रश्न पडावा इतकी मी सावध नव्हते.

तीस दिवस मी मोजले. परत जायचं नव्हतं, पण कुणी विचारतं का ते बघायचं होतं. चारशे बारा ओळखीचे लोक होते तिथं. एकाचाही फोन आला नाही. पंचविसाव्या दिवशी मावसबहीण एका लग्नात भेटली आणि म्हणाली, "अगं, तू मला काढून टाकलंस वाटतं." एवढंच.

बाबांना मी त्याच रविवारी सांगितलं होतं. ते जमीन मोजणीच्या खात्यातून निवृत्त झालेले. आई आधीच गेलेली, घरात आम्ही दोघंच.

"त्यात माझेही फोटो होते ना गं?" त्यांनी विचारलं.

"होते."

"बरं," ते म्हणाले. "गेले तर गेले."

दोन महिन्यांनी मी जालन्याची नोकरी धरली. इस्लामपुरात रस्त्यानं जाताना कुणी माझ्याकडे बघून आवाज खाली केला की मी वाट बदलायची. इथं मला कुणी ओळखत नव्हतं. बाबा म्हणाले, जा. आणखी सहा महिन्यांनी एका सकाळी शेजारच्या काकूंचा फोन आला. बस बदलत बदलत मी पोचले तोवर संध्याकाळ झाली होती, मंडळी माझ्यासाठी खोळंबली होती. पुढे भिंतीवर लावायला बाबांचा फोटो शोधला तर एकही नाही. माझा जुना फोन आधीच बिघडून गेला होता आणि जे होतं ते त्या पुसलेल्या खात्यात होतं. शेवटी पेन्शनच्या कागदावरचा फोटो मोठा करून आणला. त्यात बाबा चौकशीला बोलावून घेतलेल्या माणसासारखे दिसतात.

"तुम्ही तक्रार करा, मॅडम," सोनुने म्हणाले. "मी सांगीन काय सांगायचं ते. माझी काय शोभा व्हायची ती होऊ द्या."

"आधी तिला काहीतरी लिहा. काय म्हणते बघू."

त्यांनी लिहिलं, 'काय चाललंय?' आम्ही दोघं फोनकडे बघत बसलो. दोन मिनिटांत उत्तर आलं. त्यांनी ते माझ्याकडे फिरवलं.

'बाबांना चहा दिला. साखर कमी पडली म्हणून रुसून बसलेत.'

माझे बाबा साखरेवरून रुसायचे. पुष्कळांचे वडील रुसत असतील. पण मी त्या ओळीवरून नजर काढू शकले नाही. कुठल्या तरी गावात, कुठल्या तरी स्वयंपाकघरात, त्या क्षणी, माझे बाबा जिवंत होते आणि त्यांना चहा गोड हवा होता.

सोनुने म्हणत होते, "ती तशी वाईट नाही, मॅडम. मी रोज सांगायचो तिला. आमच्या घरी आता माझी आई..."

"बाबांचं काय काय सांगते ती?" मी विचारलं.

ते थांबले. मग फोन मागे मागे सरकवत त्यांनी मला बाबांचे निरोप शोधून द्यायला सुरुवात केली.

त्या आठवड्यात मी तक्रारीचा फॉर्म उघडला. नाव, ओळखपत्र, सगळं भरलं. शेवटी मूळ छायाचित्र जोडायला सांगितलं होतं. ते फोटो माझे आहेत हे दाखवायला माझ्याकडे एकही फोटो नव्हता; होते ते तिच्याकडे. सोनुन्यांकडून मागून घेता आले असते, हे मला तेव्हाही कळत होतं. मी फॉर्म बंद केला आणि स्वतःला सांगितलं की कागद पुरे पडत नाहीत.

पुढच्या गुरुवारी सोनुने पुन्हा आले. त्यांचं खताबियाण्यांचं दुकान होतं, दुकानदारांचे नमुने गुरुवारी घेतले जायचे, त्यामुळे मला त्यात काही वेगळं वाटलं नाही. जेवणाच्या सुट्टीत आम्ही त्याच टेबलावर बसलो. मी डबा उघडलासुद्धा नाही.

"त्यांना विचारा, सकाळी फिरायला जातात का अजून."

त्यांनी लिहिलं. उत्तर आलं, की जातात, पण कोपऱ्यावरच्या मारुतीपर्यंतच, आणि तिथं तासभर गप्पा मारतात.

"विचारा, कारलं खातात का."

'नाव काढलं तरी ताट सरकवतात.'

मी हसले. बऱ्याच दिवसांनी हसले असेन, कारण सोनुन्यांनी चमकून वर बघितलं. ते खाली मान घालून माझे शब्द टाइप करायचे. शुद्धलेखन चुकलं की मी दुरुस्त करायला सांगायची. त्यांचा स्वतःचा एक शब्दही त्या दुपारी त्यांनी तिला लिहिला नसेल.

असे गुरुवार जमत गेले. बुधवारपासूनच माझ्या मनात प्रश्नांची जुळवाजुळव चालायची. बाबा रेडिओ लावतात का? रागावले की अजून 'महाराणी' म्हणतात का? ती 'हो' म्हणाली की मी सुखावायची. ज्या प्रश्नाला 'नाही' आलं तो मी विसरून जायची. एकदा तिनं बाबांचा एक फोटो टाकला, तो मी पार विसरलेली होते. गरम पाण्याच्या घमेल्यात पाय सोडून बाबा पंचांग वाचतायत. तो फोटो मीच काढला होता. पाणी मीच तापवलं होतं. सोनुन्यांचा फोन मी सुट्टी संपेपर्यंत हातात धरून ठेवला. त्यांना निघायचं होतं बहुतेक, दोनदा त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं.

एका गुरुवारी ती म्हणाली, 'बाबांना डाव्या डोळ्यानं दिसायचं बंद झालंय. पायरी चुकतात.'

"हे खोटं आहे," मी म्हणाले. "बाबांची नजर शेवटपर्यंत चांगली होती. सुईत दोरा ओवायचे."

सोनुने हळूच म्हणाले, "हे तिचे असतील, मॅडम."

"कोण?"

"बाबा. हे तिचे स्वतःचे बाबा असतील."

मला त्यांचा राग आला. मी घाईनं उठले, काम आहे म्हणाले. त्या दिवशी एक नमुना मला दोनदा मोजावा लागला. संध्याकाळी खोलीवर आल्यावर मला हसू आलं आणि लाजही वाटली. कारण गोष्ट उघड होती. ज्या कुणा बाईनं माझे फोटो उचलले होते, तिच्या घरात खरंच एक म्हातारा होता, तो साखरेवरून रुसत होता, आणि ती एकटी त्याचं सगळं करत होती. माझ्या बाबांचा फक्त चेहरा तिनं त्याला दिला होता. हे कळल्यावर मी थांबायला हवं होतं. थांबले नाही. उलट मला वाटायला लागलं की कुणाचे का असेनात, वडील आहेत. त्यांना एक विचारता येईल.

जुलैच्या सुरुवातीच्या गुरुवारी मी सोनुन्यांना म्हणाले, "शेवटचा एक प्रश्न. नीट लिहा. तिला म्हणावं, बाबांना विचार. समजा तुझ्या हातून त्यांचे सगळे फोटो पुसले गेले, एकही राहिला नाही, तर त्यांना तुझा राग येईल का?"

सोनुन्यांनी टाइप करायला सुरुवात केली, मग बोट थांबवलं. "हे तिला कसं वाटेल?"

"लिहा तुम्ही."

त्यांनी लिहिलं. उत्तर आलं नाही. अर्धा तास झाला, सुट्टी संपली. "आलं की सांगतो," असं म्हणून ते गेले. त्या दिवशी त्यांचा चेहरा ओढलेला होता, हे मला आता आठवतं. तेव्हा मी त्यांच्या हातातल्या फोनकडेच बघत होते.

पुढचे दोन गुरुवार ते आलेच नाहीत. मी अस्वस्थ होते. माझ्याकडे त्यांचा नंबर होता, पण फोन केला असता तर काय विचारणार होते? उत्तर आलं का, एवढंच. तेवढ्यासाठी फोन करायचा मला संकोच वाटला. ते ठीक आहेत ना, हे विचारायला फोन करावा, असं मनात आलं नाही. हे मी आज लिहिते आहे ते कमी-जास्त न करता लिहिते आहे.

तिसऱ्या गुरुवारी ते आले. डोक्याला पांढरी टोपी होती. टेबलाशी बसले, पाणी मागून घेतलं.

"आलं का उत्तर?" मी विचारलं.

"हाव. त्याच दिवशी सायंकाळी आलं होतं." त्यांनी फोन पुढे केला.

रेवतीनं लिहिलं होतं, 'काय विचित्र प्रश्न हो तुमचा. विचारलं मी. बाबा म्हणाले, फोटो काय करायचेत म्हातारपणी. मुलगी समोर बसलेली दिसली की झालं.'

मी ते दोनदा वाचलं. मग बाबा उंबऱ्यात उभे राहून "जा" म्हणाले होते ते आठवलं. त्यानंतर रोज ओट्यावर ते ज्या स्टुलावर बसायचे, त्याच्या समोर सहा महिने कुणी नव्हतं. बाबा गेले तेव्हा मी रडले नव्हते. लोक काय म्हणतील म्हणून पदर डोळ्यांना लावला होता इतकंच. आता कॅन्टीनमध्ये, चार लोक वडापाव खात असताना, मला रडू आवरेना. सोनुन्यांनी पाण्याचा ग्लास माझ्याकडे सरकवला. माझं होईपर्यंत ते बसून राहिले.

मी तोंड पुसून वर बघितलं तेव्हा उकाड्यानं त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवलेली होती. डोकं भादरलेलं होतं, त्यावर बारीक केस उगवायला लागले होते.

"सोनुने," मी म्हणाले, "हे काय?"

"आई गेली, मॅडम. आज सोळावा दिवस."

"कशानं? आजारी होत्या?"

"किडनीचं होतं तिचं. सोमवारी अन् गुरुवारी तिला इथं जालन्याला मशीनवर आणायचो. चार तास लागायचे. बाहेर बाकावर बसून जीव घाबरा व्हायचा, म्हणून गुरुवारचा तुमच्याकडे येत होतो."

"तुम्ही सांगितलं नाहीत."

"पहिल्या दिवशी सांगत होतो." त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती, नमुन्याचा आकडा सांगावा तसं ते सांगत होते. "तुम्ही बाबांचं विचारलं. मग राहूनच गेलं."

पहिल्या दिवशीचं त्यांचं ते अर्धं वाक्य मला ऐकू आलं. मी कापलेलं.

"घरी आता कोण आहे?" मी विचारलं.

"कोणी नाही. मी अन् ती, दोघंच होतो."

कॅन्टीनचा माणूस येऊन टेबल पुसून गेला. सोनुने म्हणाले, "रेवतीला सगळं ठाऊक होतं. कोणती सुई लागली, काय खाल्लं, सगळं रोज विचारायची. आई गेली त्या दिवशी मी तिला लिहिलं, मला माहीत आहे तू रेवती नाहीस. जिचा फोटो आहे त्या बाईंना मी भेटलो. आई गेली माझी, आज तरी खरं बोल. तर तिनं लिहिलं, मी रेवती नाही, पण माझे वडील खरे आहेत. मला कुणी बघावं असा माझा चेहरा नाही, म्हणून दुसऱ्याचा घेतला. माफी मागते. अन् मग दिवसभर माझ्याशी बोलत राहिली. लोक येऊन बसून गेले, त्यांच्यापेक्षा तीच जास्त वेळ होती."



"तुम्हाला तक्रार करायची तर करा," ते म्हणाले. "फोटो तुमचे आहेत, मी अडवणारा कोण? बाबांचे सगळे काढून ठेवले मी. सतरा आहेत. आता पाठवतो."

माझा फोन पर्समध्ये सतरा वेळा थरथरला. मग त्यांनी त्यांच्याकडचे माझे फोटो उघडले आणि माझ्यासमोर एकेक करून पुसले. सज्जनगडावरचा. बारशाचा. नव्या चष्म्यातला. प्रत्येक पुसताना ते क्षणभर थांबत होते, पण विचारत नव्हते. शेवटी हरभऱ्याचा राहिला. त्यातल्या मला त्यांनी बोटानं कापून काढलं, आणि नुसते बाबा ठेवले.

"हा एक राहू द्या माझ्याकडे," ते म्हणाले. "इतके दिवस त्यांची चौकशी केली."

मी मान हलवली. ते उठले, टोपी घातली, नमस्कार केला आणि फाटकाकडे चालत गेले. त्या दिवशी त्यांच्याकडे नमुन्याची पिशवीही नव्हती. माझ्या प्रश्नाचं उत्तर पोचवायला ते तीस किलोमीटर आले होते.

त्यानंतर ते आले नाहीत. बाबांचा घमेल्यातला फोटो मी मोठा करून भिंतीवर लावला. तक्रार मात्र मी केली नाही, तेव्हाही नाही आणि नंतरही नाही. वर्षभरानं एका सहकारी बाईच्या फोनवर रेवती देशमाने शोधली, तर ती तिथं होती. माझ्या चेहऱ्यानं कुणाच्या तरी फोटोखाली लिहीत होती, की औषध वेळेवर घ्या, अंगावर काढू नका. मी फोन परत दिला. सहकारी बाई म्हणाली, "तुमच्यासारखी दिसते नाही ही?" मी म्हणाले, "थोडीशी."

सोनुन्यांना मी एकदाच फोन केला, आई गेल्यावर चारेक महिन्यांनी. आधी कागदावर लिहून घेतलं होतं काय बोलायचं ते. त्यांनी आवाज ओळखला. पाऊसपाणी विचारलं, सोयाबीनला यंदा भाव नाही म्हणाले.

"सोनुने," मी म्हणाले, "तुमच्या आईंबद्दल मी कधी विचारलं नाही. कशा होत्या त्या? मला सांगा ना."

पाठीमागे दुकानातले आवाज ऐकू येत होते, कुणीतरी तराजूत काहीतरी ओतत होतं.

"राहू द्या, मॅडम," ते म्हणाले. आवाज मऊच होता. "ते तेव्हा सांगायचं होतं. आता सांगून झालं माझं."

"कुणाला?"

पलीकडे एक गिऱ्हाईक युरियाची गोणी मागत होतं. "आलो, आलो," ते म्हणाले, मला नाही, त्याला, आणि फोन ठेवला.